इम्युनिटी वाढवायची की दाबायची? अटॅकनंतरच्या एका सीआरपी रिपोर्टबद्दल

ताई, तुमच्या प्रश्नात चार-पाच प्रश्न एकमेकांत गुंतलेत, म्हणून आधी ते सुटे करून मांडतो. मिस्टरांचं वय ४६. महिन्याभरापूर्वी अटॅक आला, एक स्टेंट बसला. वजन ६६ किलो, शुगर नाही, बीपी नाही, ऑफिसच्या तपासणीत ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल होती, आणि अटॅकच्या तिसऱ्या दिवशी काढलेलं एलडीएल (ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते) ११२, म्हणजे रिपोर्टवर ‘नॉर्मल’. घरी आल्यावर बाराव्या दिवशी कुणाच्या तरी सांगण्यावरून हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी (शरीरातल्या सुजेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) केली, ती ६.८ आली आणि शेजारी ‘हाय रिस्क’ असं ठळक छापून आलं. एका परिचितांनी सांगितलं की त्यांची इम्युनिटीच त्यांच्या रक्तवाहिन्या खातेय, ती दाबायला हवी. घरात सासूबाईंनी मात्र इम्युनिटी वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा चालू केलाय. शिवाय सकाळी बोटं आखडतात, गुडघा दुखतो, म्हणून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक चालू आहे. त्यानं सूज उतरते म्हणजे हृदयालाही बरंच ना, असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता एक ओळ: व्यसन काही नाही, जेवणानंतर फक्त चिमूटभर तंबाखू.

बावीस वर्षं मी कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी आणि स्टेंटच्या खोलीत, उभा आहे. पूर्वी लोक विचारायचे, तूप खायचं का? कोविडनंतर विचारतात, इम्युनिटी कशी वाढवायची? हा शब्द घरोघर पोचला आणि लोकांनी तो गच्चीवरच्या टाकीसारखा समजून घेतला. पातळी वर तर बरं, खाली तर वाईट. तुमच्या घरातली दोन्ही मतं याच टाकीवर उभी आहेत. एकाला टाकी भरायचीय, दुसऱ्याला उपसायचीय. पण टाकी मुळात नाहीच. पांढऱ्या पेशींच्या अनेक जाती आहेत, काही सूज पेटवतात, काही विझवतात, आणि धमनीच्या भिंतीत दोघी एकाच वेळी कामाला असतात. तेव्हा वाढवायची की कमी करायची हे थोडं बाजूला ठेवा. या पेशी त्या भिंतीत शिरल्या कशासाठी आणि तिथून बाहेर का पडल्या नाहीत, ते आधी पाहू.

अँजिओग्राफीची सीडी मी पाहिलेली नाही, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किती आहे माहीत नाही, गोळ्यांची पूर्ण यादी तुम्ही दिलेली नाही. त्यामुळे औषधांबद्दल पुढे जे लिहितो ते तुमच्या डॉक्टरांपुढे मांडायचे मुद्दे म्हणून घ्या. स्वतःहून काही चालू-बंद करू नका, विशेषतः स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या.

आधी तो ६.८ चा आकडा निकालात काढू. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा मरतो. तो साफ करायला पांढऱ्या पेशींची मोठी फौज उतरते, आणि त्या गडबडीत सीआरपी चढतेच. दोन-तीन दिवसांत ती शिखर गाठते आणि खाली यायला काही आठवडे घेते. बाराव्या दिवशीची सीआरपी म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडवात जाऊन ‘या घरात नेहमीच एवढा पसारा असतो का?’ असं विचारण्यासारखं आहे. अटॅकला दीड-दोन महिने होऊ द्या. सर्दी-ताप नसताना, दाढदुखी नसताना, दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा करा आणि त्यातला कमी आकडा धरा. १ च्या खाली चांगली, १ ते ३ मधली, ३ च्या वर जास्त, असं ढोबळ मानतात. १० च्या वर गेली तर हृदयाकडे बघण्याआधी जंतुसंसर्ग शोधायचा. माझ्याकडे एक गृहस्थ ११.४ चा रिपोर्ट घेऊन आले होते, मुलानं मृत्युपत्राचा विषयसुद्धा काढला होता. तोंड उघडायला सांगितलं तर खालची शेवटची दाढ मुळापाशी पिकलेली. दाढेवर उपचार झाले, महिन्यानं ०.९.

त्याच कारणानं एलडीएलचा ११२ हा आकडाही मी पुरता खरा धरत नाही. अटॅकनंतर चोवीस तास उलटले की एलडीएल आपोआप खाली येतं. तिसऱ्या दिवशी ११२ म्हणजे आदल्या आठवड्यात त्याहून जास्त असणार. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत येईन.

आता भिंतीत काय घडतं ते.

शिकत असताना शवविच्छेदनाच्या टेबलावर सरांनी मला हृदयावरची एक धमनी आडवी कापत जायला सांगितलं, दर तीन-चार मिलिमीटरला एक काप. पहिले दोन काप मऊ गेले. तिसऱ्याला कात्री करकरली, भिंतीत चुना साठला होता. चौथ्या कापाबरोबर पिवळट, दाट, गार झालेल्या खिमटासारखं काहीतरी भिंतीतून बाहेर आलं. नळीच्या पोकळीतून नव्हे, भिंतीतून. सर म्हणाले, नाव आठव. अथेरोस्क्लेरोसिस: ग्रीक भाषेत ‘अथेरे’ म्हणजे पेज, ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे कडक होणं. तोवर मीही नळाच्या पाइपात क्षार बसतात तशी चरबी आतून चिकटते असंच समजत होतो. ते चित्र चूक आहे आणि बहुतेक सगळ्या गैरसमजांचं मूळ तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच कापाची स्लाइड पाहिली. खिमटाच्या कडेला गोल, फुगलेल्या, साबणाच्या फेसासारख्या पेशींची दाटी होती. स्लाइड तयार करताना रसायनांनी चरबी विरघळून जाते, म्हणून पेशीच्या पोटात रिकामे बुडबुडे दिसतात. मधूनमधून सुईच्या आकाराच्या फटी होत्या, कोलेस्टेरॉलचे स्फटिक विरघळून गेल्यावर राहिलेल्या जागा. त्या फेसाळ पेशी म्हणजेच तुमच्या प्रश्नातली इम्युनिटी.

त्या तिथे येतात त्या अशा. धमनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. जिथे धमनीला फाटा फुटतो, वळण असतं, तिथे रक्ताचा प्रवाह सरळ न जाता घुटमळतो आणि तिथलं अस्तर थोडं सैल असतं. रक्तातले एलडीएलचे कण तिथून भिंतीत शिरतात आणि भिंतीतल्या धाग्यांना अडकून राहतात. अडकलेला कण खराब होतो, ऑक्सिडाइझ होतो, तेल खवट व्हावं तसा. खवट तेलाची वर्दी अस्तराला लागते आणि ते आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू बाहेर काढतं. रक्तातून जाणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांना अडखळतात, थांबतात, दोन पेशींमधल्या फटीतून अंग चोरून आत शिरतात आणि आत गेल्यावर मॅक्रोफेज बनतात. नावाचाच अर्थ मोठा खादाड. खराब एलडीएल गिळणं हे त्यांचं काम आणि सुरुवातीला ते उपकारकच असतं.

अडचण पुढे येते. मॅक्रोफेज जंतू गिळतो तेव्हा तो त्याला पचवतो. कोलेस्टेरॉलचा रेणू फोडायचं हत्यार मात्र त्याच्याकडे नाही. यकृत कोलेस्टेरॉलचं पित्त करू शकतं, मॅक्रोफेजला ते जमत नाही. त्याला ते साठवता येतं किंवा एचडीएलच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल परत यकृताकडे नेणाऱ्या कणांच्या, हवाली करता येतं, बस्स. आत येणारं एलडीएल जास्त आणि बाहेर जाणारं कमी असेल तर तो फुगत जातो आणि फेसाळ पेशी होतो.

पेशंटला मी घंटागाडीचं उदाहरण देतो. गल्लीत कचरा रोज पडतोय. गाडी आली, भरली, पण डेपोकडे जायची वाट तुंबलेली, म्हणून ती तिथेच उभी. दुसरी आली, तीही भरली. आठवड्यानं पाहावं तर गल्ली कचऱ्यानं कमी आणि घंटागाड्यांनी जास्त अडलीय, आणि गाड्यांतून गळतंय ते वेगळंच. अशा वेळी गाड्या वाढवायच्या की कमी करायच्या? तुमच्या घरात नेमका हाच वाद चाललाय. शहाणा माणूस विचारेल, कचरा टाकतंय कोण?

फेसाळ पेशी मरतात. एरवी मेलेली पेशी शेजारची पेशी गिळून टाकते आणि सूज शमते. भिंतीतल्या या साठ्यात, म्हणजे प्लाकमध्ये, ही आवराआवरही मागे पडते, प्रेतं साठतात, तेच ते खिमट. शिवाय कोलेस्टेरॉलचे टोकदार स्फटिक मॅक्रोफेजच्या आत टोचले की त्याच्यातला एक धोक्याचा भोंगा वाजतो, एनएलआरपी-३ इन्फ्लमसोम त्याचं नाव. त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा नावाचा संदेश सुटतो, त्याच्यामुळे इंटरल्युकिन-६, आणि ते रक्तातून यकृतात पोचलं की यकृत सीआरपी तयार करतं. म्हणजे तुमच्या हातातला रिपोर्ट हा भिंतीतल्या घटनेचा तिसऱ्या तोंडून आलेला निरोप आहे. सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही. जन्मजात जनुकांमुळे ज्यांची सीआरपी जास्त असते त्यांना अटॅक जास्त येत नाहीत; इंटरल्युकिन-६ चा मार्ग ज्यांच्यात जन्मतः मंद असतो त्यांना मात्र कमी येतात. म्हणून सीआरपी उतरवण्याची गोळी असा प्रकार शोधत बसू नका.

(एक कंस. इन्फ्लमेशनला पुस्तकी मराठीत ‘दाह’ म्हणतात. पण पेशंटला ‘तुमच्या रक्तवाहिनीत दाह आहे’ म्हटलं की तो छातीवर हात ठेवून पित्ताच्या गोळ्यांबद्दल बोलायला लागतो. म्हणून मी ‘सूज’ म्हणतो. तोही शब्द पुरता बसत नाही, पण गैरसमज कमी होतात.)

आता टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचीच आणखी एक जात, कारण ट्रेडमिल नॉर्मल असून अटॅक का आला याचं उत्तर त्यांच्यापाशी आहे. खिमटावर शरीर एक टोपी चढवतं. भिंतीतल्या स्नायुपेशी कोलॅजनचे धागे विणतात आणि तो ऐवज झाकून टाकतात. टोपी जाड असेल तोवर माणूस वर्षानुवर्षं चालतो-फिरतो. टी-पेशींचा एक गट इंटरफेरॉन-गॅमा सोडतो, त्यानं स्नायुपेशींचं विणकाम थांबतं. त्याच वेळी मॅक्रोफेज धागे कापणारी विकरं सोडतात. विणणारा बसलाय आणि उसवणारा कामाला लागलाय, असं झालं की टोपी पातळ होत जाते. ६५ मायक्रॉनच्या खाली, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढी झाली की ती धोक्याची मानतात. मग एखाद्या पहाटे ती फाटते, खिमट रक्ताला भेटतं आणि काही मिनिटांत गुठळी होते. फाटण्याआधी हा अडथळा ४०-५० टक्केच असू शकतो. ट्रेडमिलवर तेवढ्यानं रक्त कमी पडत नाही, म्हणून टेस्ट नॉर्मल. ऑफिसच्या डॉक्टरनं चूक केली नाही. त्या टेस्टला टोपीची जाडी दिसतच नाही.

याच टी-पेशींत नियामक टी-पेशी नावाचा दुसरा गट आहे, तो सूज शमवतो आणि टोपी जाड व्हायला मदत करतो. बी-पेशींमधल्याही काही जाती संरक्षण देतात. म्हणून ‘इम्युनिटी दाबा’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कुणाची?

इथवरचं दोन वाक्यांत: पेशी एलडीएलच्या मागोमाग आत शिरतात, ते पचवता न आल्यानं अडकतात आणि अडकल्यावर नुकसान करतात. एलडीएल नसेल तर हा खेळ सुरू होत नाही, आणि पेशी नसत्या तर एवढ्या एलडीएलनं टोपी फाटली नसती.

कोलेस्टेरॉल की सूज, हे भांडण वैद्यकातही बरंच जुनं आहे. बर्लिनच्या रुडॉल्फ फिरशो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच धमनीतल्या या बदलांना सुजेचा प्रकार म्हटलं होतं. १९१३ मध्ये रशियाच्या निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या धमन्यांत हुबेहूब असा रोग निर्माण केला. चरबीनं भरलेल्या पेशी त्यांनीही पाहिल्या होत्या, पण जगानं त्यातलं कोलेस्टेरॉल तेवढं उचललं. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी हा रोग मुळात दाहाचाच आहे असं ठणकावून मांडलं आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. माझ्या मते आज दोन्ही बाजूंच्या हट्टाला फारसा अर्थ उरलेला नाही, पण यूट्यूबवर तो अजून चालतो.

नुसती सूज कमी करून फायदा होतो का, याचा खरा कस लागला २०१७ मध्ये, कँटॉस नावाच्या चाचणीत. अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी २ च्या वर असलेले १०,०६१ रुग्ण. कॅनाकिनुमॅब हे इंटरल्युकिन-१ बीटा अडवणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. एलडीएलला हातही लागला नाही, तरी मधल्या डोसच्या गटात पुढचे अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. सिद्धान्त खरा ठरला. पण त्याच गोळाबेरजेत जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. हृदयासाठी हे इंजेक्शन बाजारात आलंच नाही. मग सांधेदुखीतलं स्वस्त मेथोट्रेक्सेट वापरून पाहिलं, त्यानं काहीच साधलं नाही; त्या चाचणीत इंटरल्युकिन-१, ६ आणि सीआरपी मुळात उतरलेच नाहीत. तुमच्या परिचितांना माझ्याकडून एवढं सांगा: सूज कुठल्या वाटेनं कमी करता यावर सगळं ठरतं. सरसकट दाबण्यात फायदा दिसलेला नाही आणि धोका दिसलेला आहे.

डायक्लोफेनॅकही याच रांगेत बसतं. ते सूज उतरवतं हे खरं, पण वेगळ्या वाटेनं, आणि त्या वाटेवर हृदयाचं नुकसान होतं. त्याच कुटुंबातलं रोफेकॉक्सिब अटॅक वाढवतं म्हणून २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं. डायक्लोफेनॅकनंही अटॅकचा धोका वाढतो. वर स्टेंटच्या दोन गोळ्या चालू असताना पोटात रक्तस्राव व्हायची भीती. मेडिकलमधून सुट्टी पट्टी आणून घेणं आजच थांबवा. दुखलं तर पॅरासिटमॉल, तेही विचारून. जी ॲस्पिरिन चालू आहे ती ७५ मिलिग्रॅमला सूज उतरवत नाही, ती प्लेटलेट चिकटू देत नाही. तिला सुजेचं औषध समजून दुप्पट करू नका.

पण सकाळी बोटं आखडतात ही तुमची ओळ मी तीनदा वाचली. किती वेळ आखडतात? पाच मिनिटांत मोकळी होत असतील तर सोडून द्या. अर्धा-पाऊण तास मूठ वळत नसेल, बोटांच्या मधल्या पेरांना किंवा मनगटाला सूज असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा आणि आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या करून घ्या. आमवातात, म्हणजे ऱ्ह्युमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, सांध्यात जो दंगा चालतो तोच धमनीत चालू राहतो आणि हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट होतो. तिथे सूज नीट आटोक्यात आणणं हे हृदयाचंही औषध आहे. कोपरावर किंवा केसांत पांढरे खवले येतात का तेही बघा, सोरायसिसचं गणित असंच आहे. असं काही निघालं तर ‘सगळं नॉर्मल असून अटॅक का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल.

उरलेलं बरंचसं उत्तर तंबाखूत आहे. रागावू नका, पण ‘व्यसन काही नाही, फक्त तंबाखू’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता केसपेपरवर ते जसंच्या तसं लिहितो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत अटॅकचं प्रमाण दुपटीहून थोडं जास्त निघालं. धूर नसला तरी निकोटीन रक्तात जातंच. त्यात ज्या बाजूला चिमूट ठेवतात तिथल्या हिरड्या बहुधा खराब असतात, आणि तिथली सूज रक्तातल्या आकड्यांत दिसते. चुना मळायची डबी घरातून बाहेर काढणं हे सासूबाईंच्या काढ्यापेक्षा मोलाचं आहे. हिरड्यांसाठी डेंटिस्टकडे जा, फक्त आधी स्टेंटच्या गोळ्या चालू असल्याचं सांगा.

वजन ६६ किलो म्हणजे बारीकच, असं तुम्ही लिहिलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपली गोम इथे आहे. पोटातल्या चरबीत मॅक्रोफेज घर करतात आणि तिथून इंटरल्युकिन-६ यकृताकडे जात राहतं. तेव्हा टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीला, श्वास सोडल्यावर घेर मोजा. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, पँट पोटाखाली बांधलेली असते. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर गेला तर बारीक हा शब्द विसरा. रोज पाऊण तास झपझप चालणं (तुमच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर) आणि रात्रीचं जेवण लवकर नि थोडं, यानं हा घेर हलतो. हळू हलतो, पण हलतो.

आता एलडीएल. ११२ ला नॉर्मल म्हणणारा तो रकाना निरोगी माणसासाठी छापलेला असतो. अटॅक आलेल्यासाठी युरोपातल्या मार्गदर्शक सूचना ५५ च्या खाली सांगतात, आपल्याकडचे काही तज्ज्ञ ५० च्याही खाली. नवजात बाळाचं ३०-४० असतं, त्यामुळे एवढं कमी केलं तर मेंदू सुकेल ही भीती सोडा. रोसुवास्टॅटिन किंवा ॲटॉरवास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांच्या भरपूर डोसनं एलडीएल साधारण निम्मं होतं. खरा आकडा ११२ असता तर ५६ वर आलं असतं, काठावर. पण तो जास्त असणार हे वर सांगितलं, म्हणून एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलचीच दुसरी गोळी जोडावी लागेल अशी तयारी ठेवा. स्टॅटिन सीआरपीही उतरवतं. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल १३० च्या खाली पण सीआरपी २ किंवा जास्त असलेल्या १७,८०२ लोकांना रोसुवास्टॅटिन दिलं, तेव्हा अटॅक, पक्षाघात आणि तत्सम घटना ४४ टक्क्यांनी घटल्या. कचरा थांबला की गाड्याही हळूहळू पांगतात आणि टोपी जाड होते, हे हल्ली धमनीच्या आत कॅमेऱ्यासारखी तार घालून मोजताही येतं.

कोल्चिसिन या सूज उतरवणाऱ्या गोळीबद्दलही तुम्ही कुठेतरी वाचलंय. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी कळलावी फुलते, तिच्या कंदात हेच द्रव्य असतं, आणि कंद जहाल विषारी आहे. औषध म्हणून अर्धा मिलिग्रॅमची गोळी गाउटमध्ये, म्हणजे युरिक ॲसिडच्या सांधेदुखीत, वर्षानुवर्षं वापरतात. ती मघाच्या त्या भोंग्याच्या वाटेवर काम करते. २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत तिनं पुढच्या हृदयघटना अनुक्रमे २३ आणि ३१ टक्क्यांनी कमी केल्या. अमेरिकेत २०२३ मध्ये तिला हृदयासाठी मान्यताही मिळाली. मग २०२४ मध्ये सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत, अटॅक आल्या आल्या ती सुरू केली तर काहीच फायदा दिसला नाही. माझी पद्धत अशी: सगळ्यांना देत नाही, पहिल्या महिन्यात देत नाही. एलडीएल जागेवर आलं, तंबाखू सुटली, आणि तरीही दोनदा केलेली सीआरपी २ च्या वर राहिली, मूत्रपिंड ठीक आहे, तर पेशंटशी बोलून देतो. जुलाब झाले तर बंद. आणि गोळी चालू असताना घशासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर ते घ्यायचं नाही. या जोडीनं माणसं दगावली आहेत. माझे काही सहकारी याहून लवकर देतात, काही मुळीच देत नाहीत. हा वाद प्रामाणिक आहे.

काढ्याबद्दल सासूबाईंना दुखवायचं नाही हे समजतं. पण गुळवेल पेशींना चेतवते असंच तिचे पुरस्कर्तेही म्हणतात, आणि आपल्याला नेमकं तेच इथे नकोय. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही. वाद काहीही असो, यकृतातून जाणारं स्टॅटिन चालू असताना मी तो धोका घेत नाही. आमटीतली हळद चालेल. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल नकोत, त्यानंही यकृत बिघडल्याची उदाहरणं आहेत. सासूबाईंना काही करायचंच असेल तर डबीवर नजर ठेवायचं काम त्यांच्याकडे द्या, माझ्या अनुभवात बायकोपेक्षा आईचा धाक जास्त चालतो.

एक गोष्ट मात्र मी आग्रहानं ‘वाढवायला’ सांगतो, ती म्हणजे फ्लूची लस. कॅनडातल्या एका अभ्यासात फ्लू झाल्याचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात अटॅकचं प्रमाण सहापट निघालं. विषाणूमुळे सगळ्या शरीरातल्या पेशी खवळतात आणि पातळ टोपी त्यात टिकत नाही. अटॅक आलेल्यांना लगेच लस दिली तेव्हा वर्षभरातले मृत्यू ४.९ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर आले. लस म्हणजे टाकी भरणं नव्हे. एका ठरावीक शत्रूचा चेहरा दाखवून ठेवणं. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूची लाट येते, त्याआधी घेतलेली बरी, आणि यंदाची राहिली असेल तर पुढच्या भेटीत विचारा.

शेवटी, शेवटच्या ओळीत तुम्ही ४१ वर्षांच्या दिरांचं विचारलंय, त्यांनीही सीआरपी करावी का. सध्या नको. इंटरहार्टमध्ये दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, बाकी जगात ५८.८ व्या. भावाला ४६ व्या वर्षी आलाय, म्हणजे दिरांनी वेळ घालवू नये. त्यांना लिपिड प्रोफाइल, तीन महिन्यांची शुगर आणि लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारख्याच एका कणाची तपासणी) करायला सांगा. ही शेवटची तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते, जवळपास पूर्णपणे आई-वडिलांकडून येते, दर चार-पाच जणांत एकाला जास्त असते, आणि तिचे कण हेच ऑक्सिडाइझ झालेलं खवट तेल पाठीवर घेऊन फिरत असतात. मिस्टरांची केलेली नसेल तर त्यांचीही करा. आणि दीरही जेवणानंतर काही मळतात का, ते विचारून ठेवा.